दोनशे बारा हात दोरा

कांडीवरच्या दोऱ्याचं टोक काही सापडत नव्हतं, आणि तरीही नळ जिंकला होता – एकशे तीस विरुद्ध ब्याऐंशी. कारकून हरिदासनं अहवालात तसं लिहिलं, सही केली, सहीखाली रेघ ओढली. मग तो कागद घडी करून खिशात घातला आणि आपण काही लिहिलंच नाही अशा चेहऱ्यानं दुसरा कागद पुढं घेतला.

नळ जिंकला नव्हता. दिवाही नव्हता. गल्लीच्या वाट्याच्या पैशातून एकच काम होणार होतं – या टोकाला पाण्याचा नळ, नाहीतर त्या टोकाला गटारापाशी खांबावरचा दिवा – आणि ते कोणतं, हे यंदा गल्लीनंच सांगावं असं कचेरीतल्या नव्या साहेबांच्या मनात आलं होतं. कागदाची टंचाई आहे, मतपत्रिका छापू नयेत, असं पत्र आलं. ते तीन प्रतींत आलं. मग मागांच्या गल्लीत जे मुबलक तेच घ्यायचं ठरलं. घरटी एक हात पांढरा दोरा. नळ हवा त्यानं मडक्यात टाकावा, दिवा हवा त्यानं घागरीत. राखणीला मायाक्का; चाळीस वर्षं घरी बसून मागांसाठी सुताच्या कांड्या भरलेल्या म्हातारीवर कोण संशय घेणार? मतदान गुप्त होतं, म्हणून हरिदास सकाळपासून भिंतीकडं तोंड करून नावं लिहीत बसला होता.

चार वाजता तो वळला. मडकं रिकामं. घागर रिकामी. मायाक्काच्या मांडीवर भरलेली कांडी.

"मायाक्का, मतं कुठं गेली?"

"कुटं जात्यात? हितंच हायत की." तिनं कांडी पुढं केली. "तुकडं तुकडं पडल्यालं. तुटका धागा मला बघवत न्हाय. जोडून टाकलं."

"दोन्हीतले?"

"सूत एकच हाय की रं, बाबा."

दारात ईरप्पा उभा होता. दुसऱ्या पाळीवरून येताना अंधारात दोनदा गटारात पडलेला, त्यामुळे कट्टर दिव्याचा. "लिवा, क्लार्कसाहेब, मनाला येतंय ते," तो म्हणाला. "वैनी पाणी कुटनं आणत्यात, ते गल्लीला ठावं हाय."

हरिदासच्या बायकोला, शालनला, सातवा महिना होता. दोन गल्ल्या पलीकडून कळशी आणताना ती मधे एकदा, हल्ली दोनदा, कठड्याला टेकायची... आज एकतीस मार्च. पाचच्या आत अहवाल गेला नाही तर पैसे परत. खिशातला कागद छातीशी टोचत होता – बारीक, चांगल्या अक्षरातला, धडधडीत खोटा.

कांडीचं टोक शेवटी सापडलं, पण गाठी बोटाला लागत नव्हत्या. आई – चिमाबाई – रहाटावर बसायची तेव्हा म्हणायची, गाठ बोटाला फसवते, ओठाला नाही... त्यानं दोरा ओठावरून ओढला. एक गाठ. हातभर गुळगुळीत सूत, किंचित खारट – कुणाच्या तरी मुठीत दिवसभर राहिलेलं. मग दुसरी. कोण हा? पाणी की उजेड? आणि पुढचा? दोघं शेजारी, एकमेकांविरुद्ध, आणि मधे मोहरीएवढी गाठ, जी सुटत नाही, फक्त तोडता येते... पंधरा वर्षं मी या गल्लीची नावं लिहितोय, आणि गल्ली तोंडाला आज लागली.

"लांब किती हाय, बगू तरी," म्हणत ईरप्पानं कांडी घेतली. टोक मायाक्काच्या हातात, नळाच्या जागेवर. आणि तो उलटा चालत निघाला, दोरा सोडत, खांबाच्या जागेकडं. कुणी काही सांगितलं नाही. बायका उंबऱ्यावर थांबल्या. सायकलवाला उतरला, वाकून दोऱ्याखालून गेला आणि पलीकडं गेल्यावरही वाकलेलाच राहिला. आतल्या मागांच्या धक्क्यानं दोरा थरथरत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि हरिदासला वाटलं की इतकी मोठी वस्तू आपण आयुष्यात पाहिली नाही. आणि तिला जाडी अशी नव्हतीच.

"हातभर कमी पडतंय," गटारापासून ईरप्पा ओरडला.

हरिदासचा हात खिशात गेला. घडीच्या कागदामागं त्याचा स्वतःचा तुकडा होता. भिंतीकडं तोंड करून बसल्यामुळं टाकायचा राहिलेला. नळाचा. सकाळपर्यंत तरी नळाचाच होता.

"काय रं, गाठ मारायला येती न्हवं?" मायाक्का म्हणाली. "चिमाचा पोरगा तू."

येत नव्हती. त्यानं तुकडा मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं लिहायला घेतलं – अक्षर हललं, तरी लिहिलं:

'मा. साहेबांचे सेवेशी. सदर गल्लीचा निर्णय सोबत जोडला आहे, लांबी अंदाजे दोनशे बारा हात. तो न तोडता व कोणतीही गाठ न सोडता त्यातील नळ व दिवा वेगळे करून कळविण्यात यावे, आणि तसे होईपर्यंत मार्च महिना संपविण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'