शेवटचे चार टक्के

वडिलांसाठी फोन घ्यायला गेली तेव्हा चैत्रालीने एकच गोष्ट बघितली, बॅटरी. कॅमेरा कसा आहे, रंग कुठला, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानदाराने खोकं उलटं करून आकडा दाखवला. सहा हजार एमएएच. "दोन दिवस चार्जरला हात लावायचा नाही, ताई," तो म्हणाला. तिने लगेच पैसे काढले.

तिचे बाबा, गंगाधरराव, जनावरांचे सरकारी डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडली तरी पायांनी खणखणीत होते, पण गेल्या दिवाळीपासून आठवणींची वीण उसवायला लागली होती. दूध आणायला म्हणून निघायचे आणि राजवाड्यापाशी उभे राहून कुणालातरी विचारायचे, दवाखाना कुठल्या अंगाला? म्हणून तो फोन. त्यात त्यांचं ठिकाण दाखवणारं लोकेशन सतत चालू ठेवलेलं असायचं. चैत्राली तहसील कचेरीतल्या आपल्या टेबलावरून अधूनमधून नकाशा उघडायची. बाबांच्या नावाचा ठिपका आळीतच असायचा, खाली बॅटरीचा आकडा. ते बघितलं की तिला पुढचं काम सुचायचं.

त्या दिवशी कचेरीत गर्दी होती. दुपारी शेजारच्या शेफालीचा फोन आला. "ताई, काकांना जेवायला हाक मारायला गेले होते. दाराला कडी आहे. चपला नाहीत."

चैत्रालीने नकाशा उघडला. ठिपका भोरमध्ये नव्हता. हायवे ओलांडून, नसरापूरच्याही पुढे, मार्गासनीच्या रस्त्यावर तो सरकत होता. बाबा एसटीत बसले होते. आणि सकाळी तिने स्वतः पूर्ण भरून दिलेली बॅटरी अर्ध्याच्या खाली आली होती.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आकडा आणखी उतरलेला दिसला तेव्हा तिचा हात थबकला.

साहेबांना दोन शब्दांत सांगून ती स्कूटरवर बसली. नवरा मंदार शिरवळच्या कारखान्यात पाळीवर होता. तिथे फोन दारावरच जमा करून घेतात. राहिला पुण्यातला मोठा भाऊ, प्रद्युम्न. कापूरव्होळला थांबून तिने त्याला लावला तर त्याचा फोन व्यस्त. तोही बाबांनाच लावत होता. शेफालीने त्यालाही कळवलं होतं.

लागला तेव्हा तो म्हणाला, "उचलत नाहीयेत गं. मी लावतोच आहे. सुनिताआत्यालाही सांगितलंय लावायला."

"दादा, बंद कर. सगळ्यांना सांग बंद करायला."

"अगं, पण कुणीतरी बोलायला नको का त्यांच्याशी?"

"बॅटरी बघ. दर रिंगला खाली चाललीय. दुकानदार दोन दिवस म्हणाला होता, इथे दुपार निघत नाहीये."

प्रद्युम्न कंपनीत इंजिनिअर होता. तो बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "खोक्यावरचा आकडा म्हणजे टाकी केवढी ते. घाटात गाडी किती देते ते नाही त्यात. तिकडे रेंज नाही, फोन सारखा टॉवर शोधत बसणार. त्यात लोकेशन चालू. स्क्रीनचा उजेड आपणच वाढवून ठेवलाय, त्यांना दिसत नाही म्हणून. खिशात टॉर्चही लागलेला असेल, नेहमी लागतो." थोडं थांबून तो म्हणाला, "मी कुणालाही लावू देत नाही. मीपण निघतो. तू पुढे हो."

नसरापूर मागे पडलं. कार्तिक संपत आलेला, भातं निघालेली, खाचरांतून पेंढ्यांच्या उडव्या उभ्या. चैत्रालीचं लक्ष कशातच नव्हतं. मध्येच रस्त्याकडेला थांबून ती नकाशा बघायची. ठिपका वेल्ह्याला पोचला. थोडा वेळ तिथेच राहिला, तेव्हा तिला वाटलं, चला, स्टँडवर बसले असतील. पण पुढच्या वेळी बघितलं तर तो केळदच्या रस्त्याला लागला होता, आणि मग रस्ता सोडून डोंगरात शिरला होता. त्यानंतर हलला नाही. त्याच्याभोवती फिकट निळं वर्तुळ पसरलं होतं, अख्खा डोंगर पोटात घेईल एवढं. बाबा त्यात कुठेतरी होते. बॅटरी नऊ टक्के.

वेल्ह्यात ती पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. स्टँडजवळ एका हॉटेलाच्या पायरीशी तिने स्कूटर लावली आणि गल्ल्यावरच्या माणसाला बाबांचा फोटो दाखवला. तो गोरख. हॉटेल त्याचंच, आणि दारात उभी असलेली जीपही त्याचीच.

"हे व्हय," तो म्हणाला. "हितंच चा घेतला की त्यांनी. केळदची गाडी कवा हाय म्हणून इचारलं. म्या म्हणलं, पावणं कुनाकडं, तर म्हणले, गाय अडलीय."

चैत्रालीने फोन खाली घेतला. ती लहान असताना बाबांची नेमणूक वेल्ह्याला होती. आई तिला घेऊन भोरलाच राहायची. बाबा शनिवारी यायचे, त्यांच्या अंगाला गोठ्याचा वास असायचा. म्हणजे आज ते तिथे निघाले होते, तीस-पस्तीस वर्षांमागच्या कुठल्यातरी दिवसात.

"कुणाची गाय, ते बोलले?"

"न्हाई. म्या बी इचारलं न्हाई. वाटलं, आसंल कुनी डॉक्टर."

तिने नकाशावरचं वर्तुळ त्याला दाखवलं. गोरखने मान हलवली. "ह्यात चार वाड्या येत्यात, ताई. दोन ओढं हायती. दिस मावळायच्या आत एकच बाजू बघून हुईल. कंची बघायची?"

ते तिला कुठे ठाऊक होतं? फोन लावावा तर उरलेलं संपणार. न लावावा तर अंधार पडणार. वर थंडी, दरीला कठडा नाही, आणि बाबांच्या अंगात नुसता सुती सदरा. तिने नंबर काढला, अंगठा त्यावर धरला, आणि तेवढ्यात हातातला फोनच वाजला.

बाबा.

"हॅलो, बाबा..."

"कोण बोलतंय?" बाबांचा आवाज खरखरत, तुटत येत होता, पण त्यात घाई होती, कामातला करडेपणा होता. असा आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "ज्ञानूच्या घरचं कोण आहे? बाळाबाई का?"

तिच्याच सुटलेल्या फोनवर त्यांचं बोट पडलं असावं. बाबा, मी चैत्राली, हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते बोलून काय झालं असतं ते तिला माहीत होतं. ते गोंधळले असते, कोण चैत्राली म्हणाले असते, किंवा तू फोन ठेव, मला कामाचा फोन करायचाय म्हणाले असते. नकाशावर शेवटचा आकडा दिसला होता चार टक्के.

तिने डोळे मिटले. "व्हय, डॉक्टर. बाळाबाईच बोलतीय. कुठवर आलाय तुमी?"

गोरख तिच्याकडे बघतच राहिला.

"ओढ्याशी आहे. साकव कुठे गेला तुमचा? लाकडं दिसत नाहीत. पलीकडे कसं यायचं?"

"साकव..." तिने गोरखकडे बघून तो शब्द पुन्हा उच्चारला. त्याचे डोळे एकदम मोठे झाले. तो जीपकडे धावला.

"गाय कशी आहे?" बाबांनी विचारलं. "पाय दिसतायत का?"

तिला जेवणाची ताटं आठवली. आई रागवायची, जेवताना नको हो ते, आणि बाबा हसत हसत सांगायचे. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकवलेलं डोकं दिसलं, की डॉक्टरने नुसतं बसून राहायचं.

"दोन पाय दिसत्यात, डॉक्टर. डोकंबी दिसतंय."

"मग सरळ आहे. ओढू नका कुणी. सुटेल ती."

"मग तुमी पाण्यात उतरू नका. तिथंच बसा. हे तुमाला न्यायला निघाल्यात. डॉक्टर, ऐकताय का? बसून राहा तिथंच. डॉक्टर?"

पलीकडून काही आलं नाही. खरखरही नाही. तिने पुन्हा लावला तेव्हा बाईचा आवाज आला, आपण संपर्क करत असलेला क्रमांक सध्या बंद आहे. बसा म्हटलेलं त्यांनी ऐकलं की त्याआधीच फोन गेला, हे कळायला मार्ग नव्हता.

जीप सुरू झाली होती. गोरख गिअर टाकता टाकता बोलत होता. "करंजवाडीचा ज्ञानू. तो जाऊन बी लई वर्सं झाली. बाळाबाई हाय. साकव म्या ल्हान हुतो तवा वाहून गेला. आता रस्ता वरनं जातो, त्या वाटंला कुनी फिरकत न्हाई." तो थांबला. मग म्हणाला, "त्यांनी फोन केला नसता आन् साकवाचं बोलले नसते, तर आपन रस्त्यानंच हुडकत बसलो असतो."

बाळाबाई होऊन बोललेलं चैत्रालीच्या जिभेवर अजून होतं. बाबांनी तिचा आवाज ओळखला नव्हता. ओळखला नाही म्हणूनच ते बोलले होते. हे दोन्ही एकदम मनात धरणं तिला जमत नव्हतं.

एका वळणाआधी गोरखने जीप थांबवली. तिथून खाली करवंदीच्या जाळ्यांतून पायवाट उतरत होती, वाट कसली, वाटेची खूण. डोंगराच्या या अंगाचं ऊन केव्हाच गेलं होतं. दोघं घसरत, फांद्यांना धरत उतरले. खाली ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. काठावर दगडी चौथऱ्यासारखं काहीतरी उरलं होतं, साकवाचा एक पाया. त्यावर बाबांच्या चपला जोडीने काढून ठेवल्या होत्या. शेजारी फोन, काळा पडलेला. बाबा नव्हते.

"बाबा!" तिने हाक मारली. हाक पलीकडच्या कड्यावर आपटून परत आली. "बाबा, कुठे आहात?"

पाणी तेवढं वाहत होतं. गोरख खालच्या डोहाकडे धावला. चपलांकडे चैत्राली बघत राहिली. ती पुन्हा ओरडली, पुन्हा काही नाही. मग तिने श्वास घेतला आणि वेगळी हाक मारली.

"डॉक्टर! ओ डॉक्टर!"

"इकडे," वरच्या अंगाने शांत उत्तर आलं. "ओरडताय कशाला?"

पन्नासेक पावलांवर, एका खडकाच्या आड, बाबा गुडघाभर पाण्यात बसलेले होते. सदऱ्याच्या बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या. हात कोपरापर्यंत चोळून चोळून धुतलेले, थंडीने निळसर झालेले. एक पाय दोन दगडांत मुरगळला होता आणि सुजून आला होता. त्यांनी चैत्रालीकडे अनोळखी पण सभ्य नजरेने पाहिलं.

"हात धुवायला उतरलो. साबण आणायचा राहिला," ते म्हणाले. "बाळाबाई म्हणाली बसा, म्हणून बसलो."

गोरखने त्यांना पाठीवर घेतलं. चैत्रालीने आपली ओढणी त्यांच्या खांद्यांभोवती गुंडाळली, चपला हातात घेतल्या. जीपपाशी आल्यावर गोरख तिच्या कानाशी म्हणाला, "वेल्ह्याला दवाखान्यात न्यू सरळ." पण बाबांनी जीपच्या दांडीला घट्ट धरलं. दात वाजत होते तरी आवाज चढला. "गाय बघितल्याशिवाय मी परत जाणार नाही."

गोरखने चैत्रालीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

करंजवाडी दोन वळणांवर होती. गोरख पुढे धावत जाऊन एका घरात शिरला, काहीतरी बोलला. मग दारात एक वाळकी, उंच म्हातारी आली. पदर डोक्यावर घेत ती जीपपाशी आली आणि बाबांच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून बघत राहिली. चैत्राली काही सांगायला गेली, तर तिने हाताने थांबवलं.

"आलात व्हय, डॉक्टर," बाळाबाई म्हणाली. "लई वाट बघितली तुमची. सुटली बघा गाय. कालवड झाली."

"वार पडली? मागे पोटात काही राहिलं नाही ना?"

"पडली की. चाटतीय वासराला. आता हितं चुलीपाशी बसा, हात शेका."

बाबांनी दांडी सोडली. जणू अंगातलं सगळं बळ त्या एका दांडीवरच्या मुठीत होतं, तसे ते एकदम सैल पडले. चुलीजवळ घोंगडीवर बसवल्यावर त्यांनी हात शेकून कानांवर ठेवले, चहा घेतला, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

चैत्राली बाहेर ओट्यावर आली. बाळाबाई तिच्या मागोमाग आली.

"तुमी त्यांची लेक?"

"हो. आजी, तुमची गाय त्यांनी सोडवली होती का कधी?"

बाळाबाईने मान हलवली. "न्हाई. तवा साकव गेला हुता त्या रातीच. पलीकडं उबे राहिले, हिकडं येता येईना. गाय गेली आन् पोटातलं वासरू बी गेलं. दुसऱ्या दिशी लांबनं वळसा घालून आले, तर काय उपेग? हितंच बसून राहिले, ह्या वट्यावर. चा दिला तर घेतला न्हाई. आमचं म्हातारं म्हनलं, डॉक्टर, ओढ्यापुढं तुमचं काय चालतंय. तरी उठंनात." तिने पदराचं टोक डोळ्याला लावलं. "आता सांगितलं तर काय बिगडलं? सुटली म्हणलं तर सुटली."

आत बाबा हलले. चैत्रालीने धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे उघडले, चुलीकडे, छपराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कपाळावर आठ्या आल्या.

"चैतू," ते म्हणाले. "तू इथे कशी? किती गार पडलेत तुझे हात."

"हो बाबा," ती म्हणाली. त्यांनी तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि चुलीकडे धरले.

भट्टीच्या खिंडीत जीप आली तेव्हा रेंज आली. बाबा मागच्या सीटवर झोपले होते, सुजलेला पाय बाळाबाईने दिलेल्या उशीवर ठेवून. प्रद्युम्नचा फोन आला. पुण्याच्या गर्दीत अडकून तो आत्ता कुठे नसरापूरला पोचला होता.

"सापडले," चैत्राली म्हणाली.

पलीकडून तिला त्याचं नाक ओढणं ऐकू आलं. गोरख हळूहळू वळणं घेत होता, खाली वेल्ह्याचे दिवे दिसायला लागले होते. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.