उन्हात ठेवलेली बाटली

"ही बाटली गरम हाय," अंबिकाबाई म्हणाल्या आणि औषधाच्या बाटलीभोवतीची मूठ उघडेनात.

नर्स जेनेल खूश झाली. "थंडी काढलीय तिची, मावशी. पयल्या वेळी केवढ्या कळवळलात तुम्ही! तेव्हापासून सकाळी आले की तुमची बाटली फ्रिजमधून काढते, खिडकीत उन्हात ठेवते. डॉक्टरांना पण नाय सांगितलं."

शाबासकीची वाट बघत ती उभी राहिली. अंबिकाबाई खाटेवर उठून बसल्या.

नवघरच्या या बाईने एकतीस वर्षं खांद्याला बर्फाची पेटी अडकवून चेणे गावापासून उत्तनपर्यंत पोरांना क्षयाची लस टोचली होती. २००५ साली निवृत्त झाल्या आणि वर्षभरात मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली. गाठ खरवडून काढली. ती परत उगवू नये म्हणून डॉक्टर कौस्तुभनी लिहून दिली तीच लस, फक्त दंडात नाही, नळीने थेट मूत्राशयात. आठवड्याला एक, असे सहा डोस.

"लस गाठीला मारत नाही," डॉक्टरांनी समजावलं होतं. "तिच्यातले जिवंत जंतू बघून शरीराचे पहारेकरी जागे होतात. मारतात ते."

"म्हंजे झोपलेल्या वॉचमनच्या कानात शिटी," अंबिकाबाई म्हणाल्या होत्या.

पहिल्या डोसला ताप आला. दुसऱ्या-तिसऱ्याला काहीच नाही. औषध सोसलं म्हणून अख्ख्या बिल्डिंगने अभिनंदन केलं आणि बाईंनीही कॅलेंडरवर ऐटीत फुल्या मारल्या. आज चौथा.

"डॉक्टरांना बोलव."

डॉक्टर आले, बाटलीची गोष्ट ऐकली. "मावशी, थोडा वेळ उन्हात राहिल्याने काही बिघडलंही नसेल."

"नसेल? पोरी, बाही वर कर."

जेनेलने बाही वर केली. डाव्या दंडावर गोल वण होता.

"उत्तनची ना तू? आम्हीच टोचलं असंल. बर्फ वितळला तर शिबिर बंद करून परत जायचो आम्ही. मेलेल्या जंतूंना कोण घाबरतं? म्हणून तर पयल्यानंतर ताप न्हाय आला."

"आज दुसरी बाटली नाहीये," डॉक्टर म्हणाले. "आणि मधल्या दोन वाया गेल्या धरल्या, तर पुन्हा पहिल्यापासून सहा. पुन्हा नळी, पुन्हा जळजळ. झेपेल?"

"आई, कशाला हट्ट करताय?" सोबत आलेली सून रुचिता कळवळली. "पहिल्या वेळी रात्रभर लघवीला उठत होतात, रडत होतात. आज देतायत ती घ्या ना."

"खात्री नसलेली लस मी एका पोराला टोचली न्हाय. मी काय उकिरड्यावर सापडले? पयल्यापासून मोजा."

जेनेलचे डोळे भरले. डॉक्टर तिच्याकडे वळले, तशा अंबिकाबाई मधे पडल्या. "तिला बोलायचं काम न्हाय. जल्मभर दुसऱ्यांच्या पेट्या तपासल्या मी, माझी तपासली न्हाय."

बाटली त्यांनी आपल्यासमोर टाकायला लावली आणि साडी सावरून चालत्या झाल्या.

पुढच्या मंगळवारी जेनेल फ्रिजपाशी पहारा देत होती. नळीतून औषध आत गेलं तेव्हा अंबिकाबाईंनी तिचं मनगट असं आवळलं की बोटं उमटली. नंतरचे दोन तास लघवी रोखून धरायची आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, म्हणजे औषध सगळीकडे फिरतं. जेनेल घड्याळ घेऊन बसली.

"मावशी, डाव्या कुशीवर."

"वळले गो. तुझ्यापेक्षा मला ठावं."

संध्याकाळी घरी दात वाजायला लागले. थर्मामीटर शंभरच्या वर गेला. रुचिता गोळी घेऊन धावली.

"अर्ध्या तासानं दे," अंबिकाबाई म्हणाल्या. "बोलवलंय तापाला. जरा टेकू दे."

कॅलेंडरवरच्या तिन्ही फुल्या त्यांनी खोडल्या आणि आजच्या तारखेखाली '१' लिहिला. ताप बघितल्यावर पारा झटकायचा, ही एकतीस वर्षांची सवय. आज त्यांनी झटकला नाही. थर्मामीटर तसाच रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. पुढच्या मंगळवारी जेनेलला दाखवायचा होता.