ऑर्लीनचा ट्रे

या, अशा जवळ या. दार लोटून घ्या, बाहेर वारा सुटलाय. कीर्तनाला उशिरा येणारा माणूस खांबाआड बसतो आणि गोष्टीचा गाभा नेमका त्याच्या कानाबाहेरून जातो. तुमचं तसं व्हायला नको. आज एका हट्टी बाईची गोष्ट ऐकवायची आहे. देवाधर्माची गोष्ट आहे, आणि टर्कीच्या मानेचीही आहे. लगेच नाक मुरडू नका. पूर्ण ऐका, मग मुरडायचं तर खुशाल मुरडा.

टेक्सासात, अर्विंग गावात, डॉक्टर शैला राहतात. सगळे त्यांना शैलाकाकू म्हणतात. जन्मभर बाळंतपणं केली, आता निवृत्त. जन्मात कधी मांस-मच्छी तोंडात घातली नाही, आणि देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय भातातलं शीतही जिभेवर ठेवलं नाही. मीठ हाताच्या अंदाजानं घालायचं आणि देवावर सोडायचं. त्यांच्या यजमानांचं, मोरेश्वररावांचं म्हणणं, "देव बिचारा बोलत नाही म्हणून हिचं निभावतंय." पण ते दुसऱ्यांदा आमटी मागून घेतात, हेही सांगायला हवं.

शेजारी ऑर्लीन राहायची. शाळेत संगीत शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायची. काळी, उंच, हसली की कुंपणावरची चिमणी उडावी अशी. काकूंच्या मुलाचा, केदारचा जन्म झाला त्या वर्षीची गोष्ट. मोरेश्वरराव कामासाठी ह्यूस्टनला, घरात तान्हं मूल, आणि थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिकडच्या आभाराच्या सणाच्या दिवशी ही बाई झाकलेला ट्रे घेऊन दारात उभी. आत ड्रेसिंग होतं. मक्याच्या ब्रेडचा चुरा, कांदा, सेलरी आणि सेज नावाचा उग्र वासाचा पाला, सगळं टर्कीच्या रश्श्यात भिजवून खरपूस भाजलेलं. उत्तरेकडे हे पक्ष्याच्या पोटात भरतात आणि त्याला स्टफिंग म्हणतात. टेक्सासात ट्रेमध्ये वेगळं भाजतात, आणि त्यावरून घराण्यांची अब्रू ठरते.

शैलाकाकूंनी चाचरत विचारलं, "यात मांस आहे का?" आणि मान खाली घातली. ऑर्लीननं ट्रे उचलला नि गेली. दुखावली म्हणून नव्हे. दुपार कलायच्या आत ती दुसरा ट्रे घेऊन आली. नवा ट्रे, नवा लाकडी चमचा, रश्श्याऐवजी भाज्यांचं पाणी, अंड्याऐवजी ताक. चमच्याच्या दांड्याला पिवळी लोकर बांधलेली. म्हणाली, "हा चमचा तुझा, डॉक. माझ्या भांड्याला कधी लागणार नाही."

काकूंनी ट्रे आधी देवापुढे ठेवला. ऑर्लीन बघत राहिली. "तू चवसुद्धा घेत नाहीस?"

"देवाच्या आधी आपण कसं खायचं?"

"म्हणजे तुझ्या देवाला माझ्या मिठावर भरवसा ठेवावा लागणार तर!" ऑर्लीन खदखदून हसली. "मग मीही नाही घेणार. त्याचं झालं की आपलं."

तेव्हापासून दर वर्षी दोन ट्रे. एक ऑर्लीनच्या चर्चच्या जेवणाचा, तो ती जिभेवर दहादा तपासायची. दुसरा शैलाकाकूंचा, त्याला तिनं कधी जीभ लावली नाही. न चाखता कसं जमतं, असं काकूंनी विचारलं तर ऑर्लीन म्हणायची, "कान कशाला दिलेत देवानं? ढवळताना ऐक. कोरडं असेल तर कुरकुरतं. पातळ असेल तर नुसतं बडबडतं. नेमकं झालं की चमच्याखाली जाडसर, शांत आवाज येतो. चर्चमध्ये म्हाताऱ्या आमेन म्हणतात ना, तसा. तो आला की थांबायचं."

हे काकूंना चटकन कळलं, कारण त्यांचे कान कीर्तनावर पोसलेले. ऑर्लीननं त्यांना एकदा चर्चला नेलं. पाद्रीबाबा बोलता बोलता सुरात शिरले, ऑर्गननं त्यांचा शब्द उचलला, बाकांवरून साद आली, आणि काकूंच्या डोळ्यांना धार लागली. घरी येऊन मोरेश्वररावांना म्हणाल्या, "अहो, आपलेच बुवा हो! फक्त पगडीऐवजी टाय."

ऑर्लीन या वसंतात गेली. शेवटी शेवटी आवाज पार बसला होता. काकूंचा हात धरून तिनं एवढंच म्हटलं, "दोन्ही ट्रे, डॉक."

काकू म्हणाल्या, "दोन्ही."

बोलून तर बसल्या. आता पंचांग बघा. यंदा थँक्सगिव्हिंग आला तो नेमका मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी. लक्ष्मीचा घट मांडायचा, दिवसभर उपास धरायचा, संध्याकाळी गोडाचा नैवेद्य आणि हळदीकुंकू. आणि त्याच सकाळी, त्याच घरात, चर्चच्या ट्रेच्या रश्श्यासाठी टर्कीच्या माना उकळायच्या.

बुधवारी काकूंनी त्या माना बाजारातून आणल्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. मोरेश्वरराव दूध काढायला गेले ते दूध न घेताच परत आले.

"शैला, फ्रिजमध्ये काहीतरी आहे."

"टर्कीच्या माना आहेत."

"आपल्या फ्रिजमध्ये?"

"शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवायला शेजारी कोण उरलंय?"

मोरेश्वरराव खुर्चीत बसले. वाईट माणूस नाही हो. ऑर्लीनच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस. पण घटाचा गुरुवार म्हणजे घटाचा गुरुवार. म्हणाले, "उद्या संध्याकाळी फ्रिस्कोहून सूनबाई, नेत्रा येणार, तिच्या मैत्रिणी येणार. घरात वास येईल. बाहेरून विकत आणून दे ना त्यांना. नाहीतर असं कर, गॅरेजमध्ये आपली शेगडी आहे, तिथं उकळ. कुणाला कळणार नाही."

आता ऐका हं. काकू आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी हातातला ब्रेडचा तुकडा ताटात कुस्करला आणि शांतपणे म्हणाल्या, "ऑर्लीन आपल्या घरात कधी गॅरेजच्या दारानं आली का हो?"

"तसं नाही गं, पण..."

"तिनं माझं सोवळं चाळीस वर्षांवर सांभाळलं. तिच्या ओट्यावर, तिच्या ओव्हनमध्ये. पिवळ्या लोकरीचा चमचा एकदाही दुसऱ्या भांड्यात गेला नाही. का, कशाला, हे तिनं विचारलं नाही. आणि मी तिचं एक भांडं सांभाळायचं तर ते गॅरेजमध्ये लपवू? मला नाही जमायचं. माझ्याच गॅसवर होईल."

"आणि घट?"

"घट जागच्या जागी राहील."

"मी तो निदान वरच्या खोलीत मांडतो. देवीला कशाला..."

"देवीला वरच्या खोलीतून दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "मी हजारो बाळंतपणं केली. कोपरापर्यंत रक्तात हात घातले, घरी येऊन आंघोळ केली आणि हिच्यापुढं बसले. तेव्हा तिनं तोंड फिरवलं नाही. शब्द मोडला तर मात्र फिरवेल."

मोरेश्वरराव उठले. जाता जाता पुटपुटले, "नेत्राला तू सांग. मी नाही सांगणार."

घरचा मोर्चा असा थोपवला, तर दुसऱ्या अंगानं फोन वाजला. ऑर्लीनची भाची डेनीस. यंदा चर्चचं जेवण तिच्या अंगावर होतं. एकटेदुकटे, म्हातारे, ज्यांना जायला घर नाही असे सगळे तिथं जेवतात. डेनीस गोड बोलली, पण मुद्द्याचं बोलली. "मिस शैला, तुमचं मन मोठं आहे. पण राग मानू नका, तुम्ही हा पदार्थ मांसासकट आयुष्यात खाल्लेला नाही. उद्या तर तुमचा उपास. चव कोण बघणार? आमची म्हातारी मंडळी ऑर्लीनमावशीच्या हाताला सरावलेली आहेत. मी ट्रे बाहेरून मागवते."

"मागव," काकू म्हणाल्या. "माझा पहिला वाढ. लोकांनी बाजूला सारला तर तुझे वाढ, आणि पुढल्या वर्षापासून मी तोंड उघडणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवून काकू पुन्हा ब्रेड कुस्करू लागल्या. आपला ट्रे फसला तर देव सांभाळून घेतो, त्याला सवय आहे. पण हा फसला तर ऑर्लीनचं ड्रेसिंग संपलं. दुकानातला ट्रे एकदा आला की तो परत जात नाही.

गुरुवारी पहाटे काकू न्हाल्या. घट मांडला, पानं खोवली, नारळ ठेवला, समई लावली. मग पदर खोचला आणि गॅसवर माना चढवल्या. ओट्यावर दोन चमचे: पिवळ्या लोकरीचा जुना, आणि एक नवा, त्याला काकूंनी लाल लोकर बांधलेली. आधी स्वतःचा ट्रे केला, व्रताचा म्हणून कांदा वगळून, हिंगाच्या चिमटीवर, आणि झाकून ठेवला. मग हात धुऊन लाल चमचा उचलला.

वास आला. येणारच. काकूंना मळमळलं, खोटं कशाला सांगा? त्यांनी खिडकी उघडली, पण गॅस बंद केला नाही. गरम रस्सा चुऱ्यावर ओतला आणि ढवळू लागल्या. कुरकुर. आणखी रस्सा. कुरकुर कमी झाली. आणखी थोडा. आता नुसतीच बडबड. जास्त झाला की काय? मूठभर चुरा टाकला. दारात मोरेश्वरराव नाकाला रुमाल लावून उभे होते. म्हणाले, "काय ऐकतेस एवढं?"

"शू!"

आणि तो आवाज आला. जाडसर, शांत. मागच्या बाकावरच्या म्हातारीचा.

राहिलं मीठ. मीठ काही कानाला ऐकू येत नाही. जिभेवर थेंब ठेवणं शक्य नव्हतं. उपास होता, जन्माचं व्रत होतं. ऑर्लीन असती तर म्हणाली असती, सगळे स्वयंपाकी चाखून चाखून शिकतात, तू कशी शिकलीस? तेव्हा काकूंना एकदम उमगलं, आणि त्या एकट्याच हसल्या. लोक म्हणतात तुझं व्रत आडवं येतं, म्हणून तुला हे जमायचं नाही. अरे, न चाखता रांधायचं कसं, हे या अख्ख्या गावात माझ्याशिवाय येतं कुणाला? जन्मभर हात तयार केला तो कशासाठी? त्यांनी घटाकडे पाहिलं, चिमूट सोडली, थबकल्या, अर्धी आणखी सोडली, आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

दुपारी चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. काकू नऊवारी नव्हे पण चांगली काठाची साडी नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून ट्रे घेऊन आल्या. मोरेश्वररावांनी गाडी चालवली, सगळ्या काचा खाली करून. डेनीसनं झाकण काढलं, कडेनं खरपूस झालेलं बघितलं, आणि हात लांबवून चमचा घातला. चाखून बघणार, एवढ्यात काकूंनी तिचं मनगट धरलं.

"आत्ता नाही."

"मिस शैला, मावशी नेहमी चाखायची!"

"तिच्या ट्रेचं ती चाखायची. माझ्या ट्रेला तिनं जीभ लावली नाही, आणि हा ट्रे माझ्या हातचा आहे. तुमच्या पाद्रीबाबांनी आधी देवाला सांगू दे. मग सगळे खा. मग शिव्या घाला."

डेनीसनं त्यांच्याकडे पाहिलं. मनगट सोडवून घेतलं नाही. चमचा खाली ठेवला.

पाद्रीबाबा उठले. साध्या शब्दांनी सुरुवात झाली, अन्नाबद्दल, हातांबद्दल. मग आवाज लांबला, सूर धरला, ऑर्गनवाल्यानं खालून टेका दिला. म्हातारे डोलू लागले. उपाशीपोटी काकू भिंतीशी उभ्या, हात जोडलेले, आणि हाताला सवयीनं टाळाचा ठेका आलेला. नैवेद्य याहून वेगळा असतो का, सांगा बरं?

मग वाढप झालं. पहिली ताटली डीकन होलिसना, चर्चचे कारभारी, सगळ्यांत ज्येष्ठ, तोंडानं फटकळ. त्यांनी घास घेतला. चावला. काटा खाली ठेवला. म्हातारबुवांनी हॉलभर नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ऑर्लीनला परत यायची परवानगी कुणी दिली?"

हॉल हसला, काही जण रडले. डेनीसनं एक घास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. मग बाहेरून मागवलेले ट्रे झाकणासकट उचलून मागे नेले. परतून काकूंना म्हणाली, "पुढल्या वर्षी मी सकाळी तुमच्याकडे येते. मला तो आवाज ऐकायचाय."

"ये. पण पुढच्या दारानं."

संध्याकाळी घरी आरती झाली, घटापुढे काकूंचा ट्रे ठेवला. नेत्राच्या मैत्रिणी हळदीकुंकवाला आल्या, त्यातल्या हिमानीनं हवेत नाक लावलं. "काकू, कसला वास येतोय हो?" नेत्रानं सासूकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"टर्कीच्या रश्श्याचा," काकू म्हणाल्या. "सकाळी केला होता. बसा, त्याची गोष्ट सांगते. ऐकून जायचं असेल तर जा, कुंकू आधी लावून घ्या."

कुणी गेलं नाही.

सगळ्या पांगल्यावर काकू भांडी घासायला वळल्या, तर रश्श्याचं पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं. शेजारी लाल लोकरीचा चमचा धुऊन सुकत ठेवलेला, पिवळ्यापासून वीतभर दूर. मोरेश्वरराव वर्तमानपत्राआडून म्हणाले, "वास येत होता म्हणून घासलं. गैरसमज नको."

तर मंडळी, एवढीच गोष्ट. आता प्रसाद घ्या. आणि घरी गेल्यावर चुलीपुढं उभं राहून मिठाची चिमूट सोडाल, तेव्हा हात क्षणभर थांबवा आणि त्या ऑर्लीनची आठवण काढा. दुसऱ्याचा देव तिला ठाऊक नव्हता, पण त्याच्या आधी तिनं कधी घास घेतला नाही.