रविवारी बंदूक नाही

मी एक बदक बोलतोय. हिरवी मान, गळ्यात पांढरं कडं, पाठीवर करडी पिसं. पण त्यातलं एकही पीस खरं नाही. मी लाकडाचा. पाण्यावर मात्र असा डुलतो की उडत्या बदकांना वाटतं, आपलाच कुणी भाऊबंद खाली निवांत बसलाय, म्हणजे जागा बरी असणार. ती उतरतात. जवळच्या लव्हाळ्यात माझा मालक दबा धरून बसलेला असतो, आणि त्याच्या हातात काही जपमाळ नसते!

मालकाचं नाव डूगल. ग्लासगोच्या पश्चिमेला, क्लाइड नदी समुद्राला मिळते तिथला म्हातारा सुतार. एक जुनं चर्च बंद पडलं आणि त्याचे बाक मोडीत निघाले. त्यातल्या एका बाकाचा जाडजूड पाय त्यानं घरी आणला आणि हिवाळाभर चाकूनं कोरून मला घडवलं. शंभर वर्षं प्रार्थना ऐकलेलं लाकूड, आणि काम मिळालं फसवायचं. नशीब एकेकाचं!

डूगल शिकारी खरा, पण नियमाचा इतका पक्का की तुमच्याकडच्या चातुर्मास पाळणाऱ्या बायकांनीही मान डोलवावी. एक सप्टेंबरच्या आधी बंदूक कपाटातून निघायची नाही. वीस फेब्रुवारी उलटली की किनाऱ्यावरही शिकार बंद. पुढचे महिने पिल्लांचे. पाणथळीत शिशाचे छर्रे वापरायचे नाहीत, कारण बदकं ते चिखलातून खडे समजून गिळतात आणि तडफडून मरतात. ज्या पक्ष्याची ओळख पटली नाही, त्याच्यावर नेम धरायचा नाही. आणि वाटेवर माणूस दिसला की काडतुसं काढून, बंदूक उघडी ठेवून गप्प बसायचं.

या शेवटच्या नियमामुळेच माझं आयुष्य बदललं.

सप्टेंबरातला शुक्रवार होता. भरती दुपारची. मी पाण्यावर डुलत होतो, डूगल लव्हाळ्यात. एवढ्यात वाटेवर तिघं जण आली. पुढे गुलाबी साडीवर जाड कोट घातलेली श्यामला, मागे डबा धरलेला तिचा नवरा अजय, आणि उड्या मारत त्यांची नऊ वर्षांची ईरा. डूगलनं मुकाट्यानं काडतुसं काढली.

श्यामलानं दगडावर पान मांडलं. भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी.

"घरामागे ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?" अजय म्हणाला. "अर्धा दिवस सुट्टी टाकलीये मी."

"आणि तुझ्या त्या सीगलांनी दोन मिनिटांत फस्त केलं असतं! बाबांच्या पानाला कावळाच शिवायला हवा. आज त्रयोदशी, त्यांची तिथी."

नंतर मला सगळं कळलं. अजयचे वडील गेल्या वर्षी पुण्यात वारले. व्हिसाचे कागद अडकले होते, त्यामुळे त्याला शेवटचं दर्शनही मिळालं नाही. आणि या लोकांत अशी रीत आहे, की गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असेल, तर कावळा पानाला शिवत नाही. मग घरची माणसं हात जोडून सांगतात, तुमची ही इच्छा पुरी करू, ती पुरी करू. नेमकी इच्छा सापडली की कावळा येतो.

कावळा आला होता. खांबावर बसून मान तिरकी करून वड्याकडे बघतही होता. तेवढ्यात दूर पलीकडच्या काठावर दुसऱ्या कुणाची तरी बंदूक वाजली. धाड! कावळा गेला. टिटव्या, बगळे, सगळे भुर्रकन उडाले.

उरलो मी एकटा. माझ्या नाकाला दोरी आणि दोरीला दगड, जाणार कुठे?

श्यामलानं अजयचा हात घट्ट धरला. "अरे, बघ! सगळे उडाले, हे एवढंच राहिलं. एवढा बार झाला, पण हललं नाही. बाबाच आहेत रे!"

"श्यामला, कावळा नाही ते, बदक आहे."

"परदेशात कसं यायचं ते त्यांचं ते ठरवतील." ती थेट पाण्याच्या कडेला आली आणि माझ्यापुढे हात जोडले. "बाबा, दिवाळीला आईंना इकडे आणू. तुमच्या बाजाच्या पेटीला रोज कुणीतरी हात लावेल. ईराला अथर्वशीर्ष शिकवते. आणखी काय राहिलंय? या ना, बाबा!"

माझ्यापुढे आजवर कुणी हात जोडले नव्हते. मला पोहता आलं असतं, तर देवाशप्पथ, गेलो असतो.

ईरा डोळे बारीक करून म्हणाली, "आई, तो बदक डोळे मिटतच नाही. आय थिंक तो फेक आहे."

"गप्प बस! आजोबांना फेक म्हणतेस?"

आता मात्र डूगलला राहवेना. लव्हाळ्यातून चिखलानं माखलेला म्हातारा उभा राहिला. श्यामला किंचाळलीच.

"माफ करा, मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही ज्याला विनवताय तो पाइनच्या लाकडाचा आहे. मीच केलाय."

अजय फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण श्यामलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग त्यानंच हळूहळू सगळी रीत डूगलला समजावली. डूगल हसला नाही. त्यानं टोपी काढली.

"आज तुमचा पक्षी यायचा नाही," तो म्हणाला. "भरतीनं पक्षी काठाशी येतात, तासभर बार होत राहणार. रविवारी या. रविवारी स्कॉटलंडमध्ये पाणपक्ष्यांवर बंदूक चालवायची नाही, कायदाच आहे. पक्ष्यांनाही आताशा ते कळतं, असं आपलं मला वाटतं."

"पण तिथी आज..." श्यामला बोटांवर मोजू लागली आणि थांबली. तिचा चेहराच उजळला. "अजय, रविवारी सर्वपित्री अमावास्या! ज्यांचं तिथीला राहून गेलं, त्यांच्यासाठीच असते ती."

"छान," डूगल म्हणाला. "म्हणजे तुमच्या नियमवाल्यांनीही चुकणाऱ्यांची सोय ठेवलीये."

जाताना त्यानं मला पाण्यातून उचललं आणि ईराच्या हातात दिलं. "घेऊन जा. पोटाला चीर गेलीये, एका बाजूला कलतो. आता याच्यावर पक्षी फसत नाहीत, फक्त माणसं फसतात."

"ही जागा आहे का चेष्टेची?" श्यामला म्हणाली, पण हसूही आलं तिला.

रविवारी मी ईराच्या कुशीतून सगळं पाहिलं. तोच काठ, तेच पान. पण शांतता अशी की खऱ्या बदकांची कुजबुज ऐकू येत होती. ती अगदी काठापर्यंत आली होती. कावळा खांबावर बसला. श्यामलानं पुन्हा सगळं सांगितलं, दिवाळी, पेटी, अथर्वशीर्ष. कावळा ढिम्म. आज दोष द्यायला बंदूकही नव्हती.

मग ती अजयकडे वळली. "तू एकदाही बोलला नाहीस. आता तू बोल."

अजय पुढे होऊन पानाजवळ उकिडवा बसला.

"बाबा," तो म्हणाला, "त्या शेवटच्या मंगळवारी तुम्ही दोनदा फोन केलात. मीटिंगमध्ये आहे, असा मेसेज टाकला मी. मीटिंग नव्हती. मी सोफ्यावर बसलो होतो. 'घरी कधी येणार' हेच तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून कंटाळा केला. बाबा, चुकलो मी."

श्यामलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही हे माहीत नव्हतं.

कावळा खाली उतरला. दोन उड्या मारल्या, खिरीकडे ढुंकूनही न बघता वडा उचलला आणि परत खांबावर जाऊन बसला.

"बाबांना वडेच आवडायचे," अजय म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, तुळशीच्या कुंडीशेजारी. चिरेत मेण भरलंय. आता कुणाला फसवायचं नाही, ऊन खायचं आणि घर बघायचं. पुण्याहून आईंचा फोन वाजला की अजय ऑफिसचा कॉल म्यूट करून धावत येतो. परवा त्यांनी तिसऱ्यांदा तीच शेजारणीची गोष्ट सांगितली, आणि त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "मग पुढे काय झालं?"

तुम्हाला माझं मागणं एवढंच: माणूस फोनच्या पलीकडे आहे तोवर त्याच्याशी बोला. मी ऐकतो सगळं, पण लाकडाला उत्तर देता येत नाही.