उसाच्या फडातला राक्षस

मार्था कोल्हारच्या शाळेत मास्तरीण होती. तिला राक्षस फार छान निवडता येतात, हे मात्र जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, तिच्या धाकट्या भावाला. गिदोनला.

आई गेली तेव्हा गिदोन जेमतेम शाळेच्या वयाचा होता आणि मार्था परकरी पोर. बाप ट्रकवर, महिना महिना बाहेर. संध्याकाळ झाली की गिदोन रडायला सुरुवात करायचा. त्याला गप्प करायला तिने एक खेळ काढला. सारवलेल्या जमिनीवर कोळशाने नदी, रान, पडका किल्ला काढायचा. चिंचोका म्हणजे गिदोन. ती गोष्ट सांगत त्याला वाटेने पुढे न्यायची, मध्येच एखादा राक्षस उभा करायची आणि विचारायची, "बोल, आता काय करशील?" तो सांगेल ते जमलं की फसलं, हे कवड्या ठरवायच्या.

पहिल्यांदा तिने दहा तोंडांचे, सुळेवाले राक्षस आणले. गिदोन खिदळत सुटला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की जे पुरतं दिसतं त्याला पोर भीत नाही. मग एका संध्याकाळी तिने नुसतं दार काढलं. "भाईर कुनीतरी हाय," ती म्हणाली. "आत येत न्हाई. नुसतं तुझं नाव घेतंय. आवाज आईवानी हाय." गिदोन तिच्या कुशीत शिरून थरथरला, आणि जरा वेळाने तोंड बाहेर काढून म्हणाला, "परत सांग."

त्यानंतर ती दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायची. तो कशाला बिचकतो, कुठल्या वाटेने जात नाही, हे हेरायची आणि त्यातूनच संध्याकाळचा राक्षस घडवायची. पण कितीही भयंकर राक्षस असला तरी त्याला हरवायची एखादी युक्ती ती कुठेतरी ठेवायचीच. त्याशिवाय पोराला झोप कशी लागणार?

पोर मोठं झालं, पलटणीत भरती झालं. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली तेव्हा गिदोन पंजाबच्या सीमेवर होता. उन्हाळ्यात तो रजेवर आला, तेव्हा ख्रिस्तीवाड्यातल्या बायांनी ओवाळलं, कुणी हार घातला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. शेजारची गोजरबाई मार्थाला म्हणाली, "धडधाकट आला गं बाई. देवानं राखलं."

पण मार्थाची जुनी नजर कुठे जाणार? गिदोन अर्ध्या भाकरीवर उठायचा. प्रवरेवर अंघोळीला जायची जवळची वाट उसातून होती, ती टाळून तो डांबरी रस्त्याने लांबून जायचा. वाऱ्यावर पाचट वाजलं की बोलता बोलता थांबायचा.

"काय झालं रे?"

"कुठं काय?"

एका रविवारी प्रार्थनेहून आल्यावर, दुपारच्या वेळी, तिने कोळसा घेतला आणि घरात नदी काढली. गिदोन बघत राहिला, मग हसला. आल्यापासून पहिल्यांदा. तिने मुद्दामच सोपा, दहा तोंडांचा राक्षस उभा केला.

"अक्का, ह्याला कोन भितंय?" तो म्हणाला. त्याने तिच्या हातातला कोळसा घेतला. "आज राक्षस मी निवडतो. तू चाल."

त्याने उभ्या उभ्या रेघा मारल्या. दाट, एकमेकींना चिकटून.

"हा ऊस. तू एकटी हायेस. हातात बंदूक. फड सरला की एक पाट हाय, आन् पाटाशी एक पोरगा बसलाय. मिसरूड नुकतं फुटलेलं. वंजळीनं पानी पितोय."

"आन् राक्षस?"

"त्योच."

हा खेळ नाही, हे मार्थाला कळलं. तरी ती खेळातल्यासारखंच बोलली. "त्याची बंदूक?"

"बाजूला ठिवलीय. पर हाताला येईल अशी."

"मग मी गुपचूप मागं फिरते."

"मागं न्हाई फिरता येत. मागनं आपली मानसं येत्यात. बोल अक्का. काय करशील?"

तो कवड्या मुठीत घट्ट धरून बसला होता. मार्थाला वाटलं, याला आता एखादी युक्ती हवीय. लहानपणी द्यायचे तशी. तिने त्या पोरग्याकडे बघितलं, म्हणजे मनातल्या मनात, आणि जे सुचलं ते बोलली.

"मी त्याला हाक मारते. म्हनते, ए बाळा, जेवलास का?"

गिदोनची मूठ उघडली. कवड्या खाली पडल्या, दान कुणीच बघितलं नाही.

"हाक," तो म्हणाला. "हाक मारता आली असती." मग तो रेघांवर हात टेकून वाकला, आणि त्याच्या तोंडून असा आवाज आला, की गोजरबाई दारात धावत आली. मार्थाने तिला हातानेच परत पाठवलं. त्याची पाठ थोपटताना तिला कळत होतं, की इतके दिवस तो स्वतःला सांगत होता, दुसरा इलाजच नव्हता. तेवढ्या एका आधारावर तो जगत होता, आणि तो आधार आपणच काढून घेतला.

रजा शिल्लक असतानाच तो गेला.

नाताळला आला तेव्हा मार्थाने महिनोन्महिने घोकलेलं वाक्य त्याच्यापुढे ठेवलं. "गिदू, तुझ्या जागी मी असते तर मीबी गोळीच घातली असती."

तो चुलीपुढे बसून हात शेकत होता. त्याने मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती.

"न्हाई अक्का," तो म्हणाला. "तू न्हाई घातली असतीस."

मार्थाने त्याच्यापुढे ताट वाढलं. त्याने अर्धी भाकरी खाल्ली आणि हात धुतला.