आधी रेडिओ बंद करा

सतरा वर्षं तो रोज सकाळी नऊ ते दहा अनोळखी माणसांना एकच गोष्ट सांगत आला होता : आधी रेडिओ बंद करा. फोन लावणाऱ्याच्या घरात रेडिओ चालू राहिला की त्याचाच आवाज फिरून फोनमध्ये शिरतो आणि कान फाटतील अशी शिट्टी वाजते. लोकांना हे पटत नसे. जन्मात पहिल्यांदा आपला आवाज रेडिओवर येणार आणि नेमका तेव्हाच रेडिओ बंद करायचा, हा कुठला न्याय? पण तो खमका होता. बटण फिरवल्याचं कानाने ऐकल्याशिवाय तो कोणालाही पुढे सोडत नसे.

रेडिओ केंद्रावर त्याला सगळे बटणराव म्हणत. काचेच्या अलीकडे तो, पलीकडे कार्यक्रम चालवणाऱ्या ताई. फोन घ्यायचा, बोलणारा शहाणा आहे की नुसताच तापलेला आहे ते ओळखायचं, ताईंच्या पडद्यावर दोन शब्दांत लिहायचं, ‘लाइन दोन, कचरा’, ‘लाइन चार, शाळेचं छप्पर’, आणि ताईंनी मान हलवली की जोडून द्यायचं. ताईंचा आवाज मोठा मायेचा होता. ‘सामान्य माणसाचा आवाज’ अशी त्यांची पाटी मोठ्या चौकात लागली होती. पाटीवर सामान्य माणूस कुठे दिसत नव्हता, ताईच होत्या, पण ते असो.

कार्यक्रमाचा हुकमी विषय म्हणजे नदीवरचा पूल. तो बंद होऊन चार वर्षं झाली होती. पलीकडच्या वस्तीतून इस्पितळात यायचं तर पूर्वी पाच मिनिटं लागत, आता वळसा घालून पाऊण तास. वर्षातून एकदा पूल खात्याचे इंजिनिअरसाहेब स्टुडिओत येत. लोक फोनवर प्रश्न विचारत. साहेब म्हणत, "तीन महिन्यांत सुरू करतो." ताई त्यांना गोड शब्दांत धारेवर धरत, साहेब तितकंच गोड हसत, मग चहा येई. ऐकणाऱ्यांना वाटे, चला, कोणीतरी आपली बाजू मांडली. पूल होता तिथेच, होता तसाच राही.

केंद्राची एक जुनी रीत होती. रेकॉर्डिंगला तारीख घालायची नाही आणि बोलतानाही तारीख-वार काढायचा नाही. केंद्राचे आधीचे एक साहेब म्हणत, तारीख लावली की माल शिळा होतो. नाही लावली तर अडीअडचणीला कधीही वाजवता येतो. ते साहेब गेले, रीत राहिली. त्यामुळे बटणरावाच्या कॉम्प्युटरवर फायली होत्या त्या अशा : ‘पूल’, ‘पूल पुन्हा’, ‘पूल शेवटचा’, ‘पूल नवीन’ आणि कालची ‘पूल नवीन पुन्हा’.

काल संध्याकाळी इंजिनिअरसाहेब येऊन गेले होते. सकाळी त्यांना मीटिंग होती म्हणून मुलाखत आणि लोकांचे फोन आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवले होते. आज नऊ वाजता ते वाजवायचं आणि साडेनवापासून लोकांच्या प्रतिक्रिया थेट घ्यायच्या, असं ठरलं होतं. बटणरावाने नऊच्या ठोक्याला बटण दाबलं आणि सुपारी कातरत बसावं तसा निवांत पेन्सिलीला टोक काढत बसला.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली आणि स्पीकरवर इंजिनिअरसाहेब सटासट शिंकले.

बटणरावाचा हात थांबला. काल साहेब ठणठणीत होते. चार बिस्किटं खाऊन गेले होते. सर्दी त्यांना झाली होती ती मागच्या वर्षी, ते थेट कार्यक्रमाला आले होते तेव्हा. त्याने पडद्याकडे पाहिलं. वाजत होती ‘पूल नवीन’.

मागच्या वर्षी त्याच्या हातून एकदा केंद्र दोन मिनिटं मुकं पडलं होतं. तेव्हा केंद्राच्या साहेबांनी लेखी दिलं होतं की पुन्हा चूक झाली तर पुढचा करार विसरा. तो दरवर्षीच्या करारावरचा माणूस. यंदाचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीला पडलेला होता. बायकोचं पाळणाघर बंद पडल्यापासून घरात मिळवता तो एकटाच, आणि पोरगी ऐन परीक्षेत. मधेच थांबवून माफी मागावी, तर चुकीचा डंका स्वतःच पिटल्यासारखं झालं असतं. तो काचेमागच्या खोलीत धावला. ताई पायातली चप्पल काढून फोनवर कोणाशी तरी घरातल्या खिडकीच्या पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होत्या.

"ताई, घोटाळा झाला. मागच्या वर्षीचं लागलंय."

ताईंनी फोनवर हात ठेवला, स्पीकरकडे कान दिला. आत त्या स्वतःच विचारत होत्या, "साहेब, लोकांनी अजून किती वाट बघायची?"

"हे मागच्या वर्षीचं आहे?" त्या म्हणाल्या आणि फिसकन हसल्या. "अरे, मलाच कळलं नाही! मग लोकांना काय कळणार?" लगेच त्यांचा चेहरा सरळ झाला. "हे बघ, थांबवू नकोस. तीच उत्तरं, तेच प्रश्न. कोणी ओरडलंच तर तू सांभाळ. माझ्यापर्यंत आणू नकोस, आणि केंद्राच्या साहेबांच्या कानावर तर मुळीच नको."

तो परत येऊन बसला. त्याला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ताईंनाही फरक कळला नाही, हे कुठेतरी टोचलं. एक वर्ष मधून कोणी उचलून नेलं होतं आणि कोणाला पत्ताच नव्हता.

साडेनऊ व्हायला आले तेव्हा रेकॉर्डिंगमधला शेवटचा फोन ऐकू येत होता. "आता आपल्यासोबत आहेत पलीकडच्या वस्तीतले एक शिंपीकाका," ताईंचा मायेचा आवाज. मग एक म्हातारा, घसा खाकरत, शब्द मापून कापल्यासारखा बोलत होता. "साहेब, माझा प्रश्न लहान आहे. रुग्णवाहिका वळसा घालून येते. पाऊण तास लागतो. उद्या कोणाला काही झालं, तर तेवढा वेळ माणसाने काय करायचं?" साहेब शिंकले आणि म्हणाले, "काका, तीन महिने फक्त. तोवर तब्येतीला जपा." ताई हसल्या. साहेबही हसले.

साडेनऊला लाइनी उघडल्या. सगळ्या एकदम लुकलुकायला लागल्या. चूक आता उघडी पडणार, असं धरूनच बटणरावाने पहिला फोन घेतला. पण लाइन एकवरचा गृहस्थ म्हणाला, "तीन महिने म्हणजे फार होतात हो!" लाइन दोनवरचा रिक्षावाला म्हणाला, "साहेबांना बरं नसताना आले, हे कौतुकास्पद आहे." काल संध्याकाळी प्रश्न विचारलेल्या दोघांनी आपले प्रश्न का आले नाहीत म्हणून तक्रार केली. बटणरावाने त्यांना ‘वेळेअभावी’ म्हणून वाटेला लावलं, आणि तेही बिचारे गेले. कोणाला म्हणून कळलं नाही. त्याला आनंद व्हावा की या गावाला एक सणसणीत शिवी द्यावी, हेच समजेना.

मग लाइन तीन.

"हॅलो," बाईचा आवाज, साठीच्या पुढचा. मागे रेडिओ चालू होता.

"आधी रेडिओ बंद करा, काकू."

"नाही हो भाऊ. आज नाही बंद करणार."

"शिट्टी वाजेल."

"वाजू दे. मागच्या खेपेला तुम्ही बंद करायला लावलात ना, म्हणून मला रेडिओवर ऐकताच आलं नाही." बाई थांबली. "आत्ता बोलले ना, शिंपीकाका? ते आमचे हे."

बटणरावाने पेन्सिल खाली ठेवली.

"आठ महिने झाले जाऊन. रात्री छातीत कळ आली. गाडी आली, पण वळसा घालून आली. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं. आणि आज मी भांडी घासत होते तर हे रेडिओवर बोलायला लागले. माझ्या हातातलं पातेलंच सुटलं." तिचा आवाज रडका नव्हता. ती हिशेबाने, एकेक टाका घातल्यासारखी बोलत होती. "ते मागच्या वर्षीचं लावलंत ना तुम्ही? मला ताईंशी बोलायचंय. त्या साहेबांना विचारायचंय, हे तीन महिने कुठले? माझ्या माणसाला सांगितलेले, का आज नव्याने सांगितलेले? एवढंच विचारते. जास्त वेळ नाही घेत."

सतरा वर्षांत त्याने हजारो फोन घेतले होते. इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. ही बाई एक मिनिट ऑन एअर गेली असती तर इंजिनिअरसाहेबांना पळता भुई थोडी झाली असती. चौकातली पाटीसुद्धा शरमेने खाली आली असती. आणि तिच्यासोबत त्याचा करारही गेला असता.

काचेपलीकडून ताईंनी भुवया उंचावून विचारलं : लाइन तीन काय आहे?

त्याने पडद्यावर लिहिलं, ‘राँग नंबर’.

"काकू," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज इतका समजूतदार निघालेला ऐकून त्यालाच किळस आली, "तुमची काहीतरी गल्लत होतेय. हे आजचंच आहे. फोन आम्ही काल संध्याकाळी घेतले. ते गृहस्थ दुसरे."

"दुसरे कसे? शिंपी म्हणाल्या ना ताई?"

"शिंपी काय एकच असतो का, काकू?"

"पण आवाज..."

"फोनवर सगळे आवाज सारखेच येतात. मी रोज ऐकतो ना. सांगतो तुम्हाला."

काकूंच्या रेडिओवर कोणीतरी ताईंचं अभिनंदन करत होतं.

"असेल," बाई म्हणाली. "तुम्ही तिथलेच आहात, तुम्हाला जास्त कळणार. माझंच डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. पण भाऊ, अगदी तसंच बोलतात हो ते. घसासुद्धा तसाच खाकरतात." मग घाईघाईने, लाजल्यासारखी, "त्यांचा नंबर मिळेल का? त्रास नाही देणार. नुसतं ऐकलं असतं."

"नंबर देता येत नाही. नियम आहे."

"हो, बरोबर आहे. मग त्यांना एवढा निरोप द्याल? अधूनमधून फोन करत जा म्हणावं तुमच्याकडे. काहीही विचारा म्हणावं. पुलाचंच असं नाही."

"सांगतो," बटणराव म्हणाला.

"देव तुमचं भलं करो, भाऊ," म्हणून तिने फोन ठेवला. इतक्या स्वच्छ मनाने तिने ते म्हटलं की त्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

दुपारी केंद्र रिकामं झाल्यावर त्याने कानाला हेडफोन लावले आणि ‘पूल नवीन’मधला तो शेवटचा फोन पुन्हा ऐकला. सकाळी स्पीकरवर ऐकू न आलेलं एक वाक्य आता ऐकू आलं. म्हातारा ‘वळसा घालून येते’ म्हणून अडखळला होता, आणि त्याच्या मागून, दुरून, एक बाई हलक्या आवाजात म्हणाली होती, "पाऊण तास सांगा ना. पाऊण तास." मग तो म्हणाला होता, पाऊण तास लागतो. सकाळच्या काकूंचाच आवाज होता तो. सकाळी तो थकलेला होता, इथे नव्हता, एवढाच फरक.

त्याने ते तीनदा ऐकलं. एक प्रत काढून तिला पोचवावी, असं त्याच्या मनात आलं. खोटं बोलायला तो कचरत होता असं नाही, ते तर तो सकाळीच बोलून चुकला होता. पण प्रत द्यायची म्हणजे तिच्या दारात उभं राहून कबूल करायचं. आणि तिने ती कोणाला ऐकवली तर? तो भित्रा होता, आणि आपण भित्रे आहोत हे त्याला त्या घटकेला लख्ख कळलं. कळूनही काही उपयोग झाला नाही. त्याने ‘पूल नवीन’ पुसली, आणि ‘पूल नवीन पुन्हा’चं नाव बदलून ‘पूल नवीन’ केलं, म्हणजे कोणी शोधलं तरी हिशोब लागावा.

शुक्रवारी साहेबांनी करारावर सही केली. "वर्षभर एकही तक्रार नाही," म्हणाले. ताईंनी पेढा मागितला. त्याने बिस्किटं आणली.

सोमवारी नऊला विषय होता रस्त्यावरची कुत्री. नऊ वाजून दोन मिनिटांनी लाइन तीन लागली. मागे रेडिओ चालू होता.

"भाऊ, मीच," ती म्हणाली. "मधले चारही दिवस रेडिओ लावून ठेवला होता. ते शिंपीकाका काही आले नाहीत. आज आहेत का हो?"

बटणरावाने काचेकडे पाहिलं. ताई खूण करत होत्या, लवकर आटप.

"बघतो, काकू," तो म्हणाला. "तुम्ही रेडिओ चालू ठेवा."