धरलेली जागा

सुलेखानं आधी शेजारी रुमाल टाकला आणि मग बसली. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात तिचं बालपण गेलेलं. वीस वर्षं जपानात काढूनही ती सवय सुटली नव्हती. इथं तर सगळ्यांनीच जागा धरल्या होत्या. मैदानाच्या कडेला गवताचा उतार, तीच गॅलरी, आणि उतारावर माणसांपेक्षा टॉवेल जास्त. शेजारच्या ओनोदेरा-सान नावाच्या आजीबाईंनी तर एकटीनं चार अंथरलेले. मोठं कुटुंब दिसतंय, येतील हळूहळू, असं सुलेखाला वाटलं.

फुटबॉलच्या जिन्याला वरपासून खालपर्यंत लीगच्या बऱ्याच पायऱ्या असतात. तिच्या मुलाचा, अद्वयचा क्लब पायऱ्या संपून अंगणात होता. दोन वर्षांपूर्वी कावासाकीतली इंजिनिअरची नोकरी सोडून पोरगं या उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या गावात गोलकीपर व्हायला आलं. पहाटे मासळीबाजारात पेट्या उचलायच्या, दुपारी सराव. चंद्रशेखरनं त्याच दिवशी मुलाशी बोलणं टाकलं. मुलानंही बापाला फोन केला नाही. दोघांच्या मध्ये सुलेखा, निरोप्या. आज सकाळीही ती म्हणाली होती, "अहो, चला ना." तर हे म्हणाले, "तूच जा. टाळ्या वाजव."

पिवळं जाकीट घातलेली एक मुलगी पाटीवर कागद लावून आली. रुमालाकडे बघून तिनं हळूच विचारलं, "ही जागा कोणासाठी?"

"माझ्या नवऱ्यासाठी." चारचौघांत नवरा येत नाही म्हणून कोण सांगणार?

मुलगी कमरेत वाकली. "त्यांचं नाव?"

सुलेखानं एकेक अक्षर सोडवून सांगितलं. मुलीनं ते लिहून घेतलं आणि दोन्ही हातांनी चहाचे दोन पेले पुढे केले. काय अगत्य म्हणायचं!

सामना एकला सुरू होणार होता. एकला दहा कमी असतानाही टॉवेलांवर कोणी आलं नव्हतं. वारा पडला होता.

"तुमची मंडळी उशिरा येणार वाटतं?" सुलेखानं आजीबाईंना विचारलं.

"नाव घेतलं की येतात." ओनोदेरा-सान मैदानाकडे बघत होत्या. "अकरा सालच्या त्सुनामीच्या लाटेच्या दिवशी आम्ही धावत इथं वर आलो. मागून येणाऱ्यांसाठी अंगावरचे कोट टाकून जागा धरल्या. ती माणसं पोचलीच नाहीत. तेव्हापासून वर्षातल्या शेवटच्या सामन्याआधी नावं वाचतात. तुमचे मिस्टर कधी गेले?"

"गेले? अहो, ते घरी आहेत! कावासाकीला!"

आजीबाईंनी पेला खाली ठेवला. "मग नाव का दिलंत?"

सुलेखानं झटकन रुमाल ओढला. तो निघेना. साधा सुती रुमाल, पण वर कोणी तरी बसावं तसा घट्ट. तिच्या बोटांना गार ओल लागली. खारा वास आला.

"अहो, उठा," ती मराठीत पुटपुटली. "आमच्या माणसाची जागा आहे ही."

तिनं चंद्रशेखरला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. एवढ्यात कर्ण्यातून पहिलं नाव आलं. मग दुसरं. प्रत्येक नावासरशी उतारावरचं थोडं थोडं गवत दबत होतं. सुलेखा नावं वाचणाऱ्यांच्या तंबूकडे धावायला उठली, पण आजीबाईंनी मनगट धरलं.

"मध्ये थांबवायचं नसतं. ज्यांची नावं उरली ते बाहेरच राहतात."

"चां-दो-रा-शे-का-रु-सान," कर्णा म्हणाला.

गोलजवळ उभा असलेला अद्वय जागच्या जागी थिजला. मग पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उताराकडे धावत आला.

"आई! बाबा कधी? मला का नाही सांगितलंस?"

"ठणठणीत आहेत रे! माझीच चूक झाली. पण फोन उचलत नाहीयेत." तिनं फोन पुढे केला. "माझा तर दुसऱ्या रिंगला उचलतात नेहमी."

अद्वयनं दातांनी हातमोजे ओढून काढले, बाकाखालच्या पिशवीतून स्वतःचा फोन आणला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो नंबर लावला. पहिल्याच रिंगला पलीकडून श्वास ऐकू आला.

"बाबा?"

"आईला काय झालं?" चंद्रशेखरचा आवाज चिरकला होता.

"काही नाही. ती इथंच आहे. तुम्ही बरे आहात ना?"

"मघापासून थंडी वाजतेय. हात उचलत नव्हता. आता जरा... का रे?"

अद्वयनं आजीबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "नाव घेतलेली जागा रिकामी राहत नाही. त्यांनी स्वतः येऊन बसावं, नाही तर..."

"बाबा, तुम्ही इकडे या. आत्ता निघा. मी बोलावतोय."

पलीकडून किल्ल्या उचलल्याचा आवाज आला.

सामना झाला. अद्वयनं चार गोल खाल्ले, असं सुलेखाला नंतर कळलं. तिनं एकही पाहिला नाही. ती रुमालावर तळवा दाबून बसून राहिली आणि तळव्याखालचं ओझं सावकाश श्वास घेत राहिलं. माणसं आपापला कचरा वेचून गेली. आभाळ कोरडं होतं, तरी ओनोदेरा-साननी आपले चारही टॉवेल पिळले. धार लागली. घड्या घालून, वाकून त्याही गेल्या.

साडेचारला चंद्रशेखर उतार चढून आला. घरातल्याच पँटीत, वर ऑफिसचा कोट. शेवटच्या पावलाला तो थबकला. गाडीत कोणी उठून जागा दिली की वाकावं, तसा सुलेखाच्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर अदबीनं वाकला, बाजूला होऊन कोणाला तरी वाट दिली, आणि बसला.

"कोण होते गं ते?" त्यानं विचारलं. "नखशिखांत भिजलेत बिचारे."

सुलेखानं मागे वळून पाहिलं नाही. खाली मैदानात अद्वय एकटाच गोलची जाळी सोडवत होता. त्यानं वर बघितलं, तसा चंद्रशेखरनं संकोचत हात हलवला.

"जा," ती म्हणाली. "जाळी धरा त्याला."